शाईच्या बाटलीतला बिब्बा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला, ते हे न कळताच. बहिणीला मी गुडघ्यांपासून सुनेच्या आमटीपर्यंत सगळं सांगते, पण हे नाही. मग तुम्हाला का? तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवणार नाही, म्हणून असेल. आणि परवा नातवाच्या पाळण्याला कोणीतरी काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधला, आणि मी तो सगळ्यांसमोर सोडून टाकला, हेही एक. सून म्हणाली, "आई, दृष्ट लागू नये म्हणून असतो तो." मला ठाऊक नाही का? दृष्ट कशी असते, ती कुठून निघते आणि कुठे जाऊन लागते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. लहानपणी वडील रेल्वेत होते, आम्ही डहाणू रोडला क्वार्टर्समध्ये राहायचो, आणि धाकट्या बहिणीच्या फ्रॉकला माझ्यापेक्षा एक झालर जास्त लागली तर मी दोन वेळा जेवायची नाही. आई म्हणायची, "ही पोरगी सासरी जाऊन कोणाचं तरी घर पेटवणार." घर नाही पेटवलं मी. पण त्याबद्दल शाबासकी घेण्याचा मला अधिकार नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. लग्न व्हायचं होतं. तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत एका वसतिगृहाच्या शाळेत मला नोकरी लागली. सोमवारी बसने जायचं, शनिवारी दुपारी घरी, तेव्हा आम्ही राहत होतो त्या सरावलीला यायचं. बाकीचे दिवस तिथेच, मुलींच्या खोल्यांना लागून असलेल्या एका खोलीत. पहिल्या महिन्यात रोज रडले. मुली माझ्याकडे बघून हसायच्या आणि आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलायच्या. मला वाटायचं, माझंच चाललंय. बहुतेक चाललेलंही असायचं.

त्यांच्यात रमी होती. नदीपलीकडच्या एका लहान पाड्यावरून आमच्याकडे आलेली ती एकटीच. काटकुळी, कपाळ मोठं, आणि हिशेबात अशी पक्की की मी फळ्यावर बेरीज लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. पहिल्या पावसाळ्यात तिला ताप भरला, तेव्हा मी तिला माझ्या खोलीत आणून निजवलं होतं. फार काही केलं नाही — पेज पाजली, कपाळावर घड्या ठेवल्या. पण बरी झाल्यावर ती माझीच झाली. रोज सकाळी दाराशी फुलं ठेवायची, कसलीही, रानातली, कधी नुसती लाल पालवी. आणि पाणी भरायला आलेल्या बायकांना, पीठ घेऊन येणाऱ्या माणसाला, ज्याला त्याला सांगायची, "ही माझी बाय." बाय म्हणजे बाई. ही माझी बाय! कोणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. घरी मी थोरली होते, जळकी होते, लग्नाची राहिलेली होते. इथे मी कोणाची तरी होते. तुम्हाला हे क्षुल्लक वाटतं का? मला नाही वाटलं, आजही वाटत नाही.

आता झाडाबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वसतिगृहामागे ओहोळ होता आणि ओहोळाच्या काठाला बिब्ब्याची झाडं. तोवर मी बिब्बा पाहिला होता तो आईच्या डब्यातला, वाळका, काळा, बदामाच्या आकाराचा. झाड पाहिलं नव्हतं. पानं ही एवढाली, ताट झाकेल अशी. थंडीत त्याला फळ धरतं — पिवळंकेशरी गोंडस बोंड, आणि त्याच्या टोकाला तो काळा बिब्बा चिकटलेला, काजूसारखाच. काजू, आंबा आणि हा, एकाच कुळातले म्हणे. बोंड निखाऱ्यात भाजून मुली मिटक्या मारत खायच्या. पण बिब्ब्यातला चीक अंगाला लागला की संपलं. लागतो तेव्हा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी कातडी लाल होते, मग फोड, मग पाणी, मग सूज. उततो, म्हणतात. कोणाला कमी, कोणाला इतका की डोळे मिटून जातात. रमीला तो उतत नसे. तरी ती झाडाखाली जायच्या आधी एक खडा बुंध्याशी टाकायची. आपण आलो म्हणून त्याला सांगायचं असतं, न सांगता गेलं की त्याला राग येतो, असं तिच्या घरी मानत. मी हसले होते. मग मीही टाकायला लागले.

वसतिगृहाच्या चादरी आणि मुलींचे कपडे सगळे एकसारखे, धुवायला गेले की भांडणं. म्हणून त्यांच्यावर बिब्ब्याने खुणा करायची तिथली पद्धत होती, परीट करतात तशीच. ओल्या बिब्ब्याचा चीक काढायचा, सुईच्या टोकाने कापडावर खूण काढायची, वर चुन्याची निवळी फिरवायची. काळीकुळकुळीत उमटते. कापड फाटेल, खूण जाणार नाही. लिहिता न येणाऱ्या धाकट्यांनाही ओळखू यावं म्हणून प्रत्येकीची वेगळी खूण. कोणाची फणी, कोणाचा चंद्र. रमीची मासोळी. हे काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या हाताखाली रमी. हाताला खोबरेल चोपडून आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. दर वर्षी ताजा चीक ती एका रिकाम्या शाईच्या बाटलीत भरून ठेवायची. मीच दिली होती ती बाटली. वरचा शाईच्या नावाचा कागदही काढला नव्हता.

आणि मग माधवी आली.

नगरकडची होती. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा गोरी — हे लिहायला नको होतं, पण तेव्हा मी तेच पाहिलं, मग का नको? तिला गाता यायचं. महिन्याभरात ती मुलींची बोली बोलायला लागली, चुका करत, आणि चुका झाल्या की स्वतःच आधी हसायची. मला तीन वर्षांत ते जमलं नव्हतं. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, जेवताना तिच्याच ताटाकडे बघून बोलायचे. माझ्याशी ती वाईट वागली का? एकदाही नाही. मला मीनाताई म्हणायची, सोमवारी माझ्यासाठी चहा झाकून ठेवायची. तेच जास्त लागायचं. वाईट वागली असती तर मी तिच्याशी भांडले असते आणि विषय संपला असता.

सकाळची फुलं आधी दोन दारांशी वाटली गेली. मग माझ्या दाराशी कमी, तिच्या दाराशी जास्त. मी मोजत नव्हते म्हणून खोटं सांगणार नाही. मोजत होते. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी रमीचा बाप तिला भेटायला आला होता. मी खिडकीत होते. माधवी अंगणात धाकट्यांच्या वेण्या घालत होती. रमीने बापाला हात धरून तिच्याकडे नेलं आणि म्हणाली, "आबा, ही माझी बाय."

काय सांगू? बारा-तेरा वर्षांची पोर ती. तिच्या तोंडातल्या एका शब्दासाठी मी, शिकलेली, पगारी बाई, खिडकीचे गज धरून उभी होते. माझी बाय दोन असू शकतात, हे मला सुचलंच नाही. हेवा वाटला की माणसाला दोनपर्यंतही मोजता येत नाही.

गॅदरिंगचा दिवस. मुलींनी हट्ट धरला होता की माधवीबाईंनी त्यांच्याबरोबर नाचायचं, पाड्यावरच्या बायांसारखं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून, कपाळाला आणि हाताला गोंदण काढून. गोंदण काजळाने काढत होते, ते घामाने फिसकटत होतं. मी सामानाच्या खोलीत पताका शोधत होते. माधवी आत आली, घाईत, हसत. फळीवरची बाटली तिने उचलली, हलवून उजेडात धरली.

"मीनाताई, ही काळी शाईच ना? हाताला चालेल ना हो?"

मी बघितलं. कोणती बाटली आहे ते बघितलं. माझ्या हातात पताका होत्या. तिच्या कानात मुलींनी घातलेली रानफुलं होती.

"हो," मी म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. तुम्ही म्हणाल, गडबडीत झालं असेल, लक्ष नसेल. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं हेच ऐकवलं. पण लक्ष होतं. मी मनात असंही म्हटलं — थोडं लाल होईल, चार दिवस मिरवणं बंद होईल. चार दिवस माझे. त्या चार दिवसांचं मी मनात चित्रही काढलं होतं.

तिने काडीपेटीच्या काडीने कपाळावर ठिपके काढले, हनुवटीवर एक, आणि कोपरापासून मनगटापर्यंत वेल. सुंदर दिसत होती. रमी तेव्हा धाकट्यांची लुगडी खोचत होती. ती मांडवात आली आणि तिने माधवीकडे बघितलं. मग धावत जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत तिचं कपाळ, हात खसाखसा पुसायला लागली. माधवी हसत होती. "अगं, काय करतेस? मीनाताईंना विचारूनच घेतलंय." हे मी दहा पावलांवरून ऐकलं. रमीनेही ऐकलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पुसायला लागली.

माधवीला फार उतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळे मिटले, तोंड ओळखू येईना, हातभर फोड. तापात बडबडत होती. जीपने डहाणूला नेली, तिथून तिचा भाऊ येऊन घरी घेऊन गेला. खरं सांगू? जीप निघाली तेव्हा मी घाबरले होते, पण ती मरेल म्हणून नाही. ती बोलेल म्हणून.

मोठ्या गुरुजींनी चौकशी केली. मुलींनी जे पाहिलं ते सांगितलं: रमी बाईंच्या तोंडाला काहीतरी चोळत होती. गुरुजींनी मला विचारलं. आणि मी — बघा, या वेळी तर घाई नव्हती, पताका नव्हत्या, खुर्चीवर शांत बसले होते — मी म्हटलं, "मला ती शाईच वाटली. बाटलीत बिब्बा रमीने भरून ठेवला होता, मला बोलली नाही."

रमीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, हात पाठीमागे.

"बाटलीत चीक तू भरलास?"

"हां."

"बाईंना सांगितलं होतंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते. आता बोलेल, मला वाटलं, आणि बोलली तर बरंच, असंही कुठेतरी वाटलं — हे मात्र आता मी चांगलं दिसण्यासाठी जोडत असेन.

"नाय," ती म्हणाली. "नाय सांगितला."

गुरुजी म्हणाले, यांना झाड जन्मापासून माहीत, तरी असा खेळ करतात. तिला कळत होतं, हाच तिचा गुन्हा ठरला. बापाला बोलावून तिला घरी पाठवलं. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती गेली. मासोळीची चादर वसतिगृहाची होती, ती राहिली.

इथवरचं सांगायला मी बसले, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. इथवरचं मी कधीतरी नवऱ्याला सांगू शकले असते. म्हटलं असतं, तरुण होते, डोकं फिरलं, नंतर भीती वाटली. त्याने समजूत घातली असती.

दोनेक आठवड्यांनी रमी आली. एकटीच. कुंपणाशी उभी राहिली, आत आली नाही. हातात पानाच्या द्रोणात भाजलेली बोंडं. मला दिली. म्हणाली, "बाय, मी परत येव का?"

तिला मला जाब विचारायचा नव्हता. तिला शाळेत यायचं होतं, आणि त्यासाठी ती माझ्याकडेच आली होती. मी म्हटलं, "गुरुजी अजून रागात आहेत. मी निरोप धाडीन, मग ये." तिने मान हलवली आणि ओहोळ उतरून गेली. जाताना झाडाखाली वाकली. खडा टाकला असणार.

आणि महिन्याभराने माधवी परतली. कपाळावर, हातावर काळपट डाग, वेलीचा आकार अजून दिसायचा. आल्या आल्या तिने विचारलं, रमी कुठे? कळल्यावर ती रडलीच. "ती तर पुसत होती हो! तिने पुसलं नसतं तर माझे डोळे गेले असते." माझ्यावर तिला तेव्हाही संशय आला नाही. तिच्या मते मीही फसलेच होते. ती म्हणाली, "मीनाताई, उद्या मी तिच्या पाड्यावर जाते. तिला घेऊनच येते. गुरुजींशी मी बोलेन."

ती गेली असती. तिने आणलीही असती. आणि मला दिसलं — रमी माधवीचा हात धरून ओहोळ चढून येतेय. दोघी हसतायत. यापुढे रमी जन्मभर कोणाला 'माझी बाय' म्हणणार, ते मला दिसलं.

मी म्हटलं, "जाऊ नकोस, फुकट हेलपाटा होईल. त्यांचं घर बंद आहे. सगळे मिठागरावर कामाला गेलेत, पोरीलाही नेलंय." तिकडचे लोक दिवाळीनंतर जातातच, त्यामुळे खोटं शोभून गेलं. माधवीने आणखी दोन-तीनदा विचारलं, आलेत का? मी म्हटलं, नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि ती नोकरी सोडून गेली. निरोप मी धाडला नाही. माधवी असताना धाडला नाही, ती गेल्यावरही नाही. आता कोणत्या तोंडाने धाडायचा, असं म्हणत राहिले. सकाळी माझ्या दाराशी फुलं कोणीच ठेवत नव्हतं.

माझं लग्न झालं, डहाणूला बदली झाली. शिक्षकांच्या खोलीत कोणी सहज म्हणायचं, अमक्याने कामात बिब्बा घातला, की मी पाणी प्यायला उठायची. तेवढीच शिक्षा. शिक्षा म्हणायची का तिला?

नव्वदीच्या दशकाच्या अगदी शेवटी, एका हिवाळ्यात, मी वाणगावला एका लग्नाला गेले होते. परतताना स्टेशनजवळच्या बाजारात मिरच्या घ्यायला थांबले. खाली बसलेल्या बाईने वर बघितलं आणि ती उठूनच उभी राहिली.

"बाय! वळखलास का माना?"

कपाळ तेच. त्यावर गोंदण. शेजारी सात-आठ वर्षांची पोर बसली होती, मिरच्यांचे देठ मोजत. रमीने मला माझ्या तब्येतीचं विचारलं, मुलांचं विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "ती बाय बरी झाली ना? डाग गेलं तिचं?"

"गेले," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. माधवीचं पुढे काय झालं हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

"बरा झाला," रमी म्हणाली. खरंच मोकळी झाल्यासारखी. इतकी वर्षं हे तिच्या मनात होतं. माझ्या करणीचं ओझं ती वाहत होती.

ती वाकली, पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही माझी बाय. हिनीच माना लिवाय शिकवला."

पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. कुंपणाशी आलेली रमी निरोपाची किती वाट बघत राहिली असेल, हे मी तेव्हा विचारू शकले असते. माधवीला जाणूनबुजून 'हो' कोणी म्हटलं, घर बंद आहे असं कोणी सांगितलं, हे सांगू शकले असते. बाजारात कोणाचं लक्ष नव्हतं. गाडीला वेळ होता. आणि तिचं ते 'माझी' — ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं, ते कधी गेलंच नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. गुरुजींच्या दारात ती 'नाय' म्हणाली तेव्हाही ते तिथेच होतं. मी काचेकडे बघत होते.

मी काही सांगितलं नाही. मिरच्या घेतल्या. तिने वर दोन मुठी जास्त घातल्या, आपल्या बायला म्हणून. मी पिशवी पुढे केली आणि त्याही घेतल्या.